बाल अत्याचार प्रतिबंध

बाल अत्याचार प्रतिबंध म्हणजे मुलांचा शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक छळ तसेच त्यांची हेळसांड घडण्यापूर्वीच टाळण्यासाठी केले जाणारे प्रयत्न होत. अत्याचार उघडकीस आल्यानंतरची तक्रार, तपास, खटला आणि पुनर्वसन ही बालसंरक्षणाची एक बाजू आहे. प्रतिबंध ही तिच्या आधीची बाजू. गृहभेटी, पालकांचे प्रशिक्षण, वस्तीतील आधारगट, बालवाड्या, कायद्याद्वारे घातलेली बंधने आणि कुटुंबांचे आर्थिक संरक्षण ही तिची प्रमुख साधने मानली जातात.

युनिसेफने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे ४० कोटी मुलांना, म्हणजे या वयोगटातील दर दहांपैकी सहा मुलांना, घरात नियमितपणे शारीरिक शिक्षा किंवा मानसिक आक्रमकता सहन करावी लागते. यांतील बहुसंख्य मुले पोलिसांपर्यंत वा न्यायालयापर्यंत कधीच पोहोचत नाहीत. त्यांना त्रास देणाऱ्या व्यक्ती गुन्हेगारी वृत्तीच्या अनोळखी व्यक्ती नसून बहुधा त्यांचेच पालक असतात, आणि ते त्या वागण्याला शिस्त समजत असतात. या विषयाचा रोख तक्रारीकडून कुटुंबाकडे वळण्याचे मुख्य कारण हेच आहे.

स्वरूप

बाल अत्याचाराचे सामान्यतः चार प्रकार मानले जातात : शारीरिक मारहाण, मानसिक वा भावनिक छळ, लैंगिक शोषण आणि हेळसांड. जागतिक आरोग्य संघटना मुलांच्या श्रमाचे वा देहाचे व्यापारी शोषणही यात धरते. मानसिक छळ ओळखणे सर्वांत अवघड असते. सतत टोमणे मारणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे, घरातून हाकलून देण्याची धमकी देणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे यांचे वळ अंगावर उठत नाहीत. बागुलबुवाची किंवा पोलिसाची भीती घालून मुलाला जेवू घालणे हा प्रकार मराठी घरांत गमतीचा समजला जातो. एखाद्या वेळच्या अशा भीतीला अत्याचार म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र भीती हेच मुलाला वळण लावण्याचे नित्याचे साधन झाले की त्याचे स्वरूप बदलते.

हेळसांडीच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागतो. पालकांजवळ साधने असूनही मुलाकडे दुर्लक्ष होणे वेगळे आणि साधनेच नसल्यामुळे मूल उपाशी, आजारी वा एकटे राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पालकांना दोषी ठरवल्याने मुलाच्या स्थितीत काहीच फरक पडत नाही.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला बालशोषणविषयक अभ्यास हा देशातील या विषयावरील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास आहे. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो करण्यात आला. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारच्या लैंगिक शोषणाचा अनुभव नोंदवला आणि अशा प्रकरणांतील सुमारे निम्म्या व्यक्ती मुलाच्या परिचयाच्या किंवा विश्वासातील होत्या. मुलग्यांवर असे प्रसंग येत नाहीत, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला.

संकल्पनेचा इतिहास

मुलांवरील अत्याचार हा सार्वजनिक हस्तक्षेपाचा विषय आहे, ही जाणीव फार जुनी नाही. न्यूयॉर्क शहरात १८७४ साली मेरी एलन विल्सन या मुलीला तिचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीच्या क्रूर मारहाणीतून सोडवण्यात आले. धर्मादाय कार्यकर्त्या एटा व्हीलर यांनी त्यासाठी प्राणिदया संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांची मदत घेतली होती. या मुलीची सुटका प्राणिसंरक्षण कायद्याखाली झाली, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ती खरी नाही. बर्ग यांनी खाजगी नागरिक म्हणून हे प्रकरण न्यायालयात नेले होते. या प्रकरणातून न्यूयॉर्कमध्ये बालकांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था उभी राहिली.

आधुनिक कालखंड १९६२ साली सुरू झाला असे मानतात. त्या वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांमध्ये आढळणाऱ्या लक्षणसमूहावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या हाडांचे जुने-नवे अस्थिभंग क्ष-किरण चित्रांत दिसत असूनही डॉक्टर पालकांचे स्पष्टीकरण निमूटपणे स्वीकारतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढील पाच-सहा वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी अशा प्रकरणांची माहिती शासनास देणे बंधनकारक करणारे कायदे केले. तक्रारींचा ओघ प्रचंड वाढला. यंत्रणेचे मनुष्यबळ मात्र चौकशीत गुंतून पडले आणि चौकशी संपल्यावर कुटुंबाला देण्याजोगे फारसे काही हाती उरले नाही. स्वतः केम्प यांनीच १९७६ साली प्रत्येक नवजात बालकाच्या घरी आरोग्यसेविकेने जावे, अशी कल्पना मांडली. ब्रिटनमध्ये अशा भेटींची परंपरा पूर्वीपासून होती.

एल्मायराचा प्रयोग

गृहभेटींमुळे अत्याचार खरोखर टळतो काय, या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात मिळाले. हा भाग बाल अत्याचाराच्या नोंदींत राज्यात अग्रभागी होता. डेव्हिड ओल्ड्स हे मानसशास्त्रज्ञ त्यापूर्वी बाल्टिमोरमधील एका पाळणाघरात काम करीत असत. चार वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचताना फार उशीर झालेला असतो, असे त्यांच्या तेथे लक्षात आले होते. १९७८ पासून त्यांनी एल्मायरात पहिलटकरीण असलेल्या ४०० स्त्रियांना अभ्यासात सामील करून घेतले. त्यांतील बहुतेक जणी अल्पवयीन, अविवाहित किंवा गरीब होत्या. कोणाला परिचारिकेच्या भेटी मिळतील आणि कोणाला नेहमीच्याच सेवा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवण्यात आले. पूर्ण कार्यक्रम मिळालेल्या स्त्रियांच्या घरी गरोदरपणात सरासरी ९ आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत सरासरी २३ भेटी झाल्या.

या भेटींत अत्याचाराचा विषय अग्रस्थानी नव्हता. परिचारिका आहार, धूम्रपान, प्रसूतीची भीती यांवर बोलत. बाळ जन्मल्यावर त्याचे रडणे कशाचे, ते नजर फिरवते तेव्हा काय सांगते, याची उकल करून देत. आईचे राहिलेले शिक्षण, नोकरी आणि पुढचे मूल केव्हा हवे, यांचेही नियोजन तिच्याबरोबर बसून होई. आजी, मैत्रीण, बाळाचे वडील यांपैकी जे कोणी घरात असतील त्यांना या बोलण्यात ओढले जाई. परिचारिकेची भूमिका तपासनीसाची नव्हती, आणि घराचे दार पुन्हा पुन्हा उघडले जाण्यामागे हेच कारण असावे.

गरीब, अविवाहित, अल्पवयीन मातांमध्ये भेटी न मिळालेल्या गटातील १९ टक्के मुलांच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत अत्याचार वा हेळसांड सिद्ध झाली. भेटी मिळालेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. गट लहान असल्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला थोडक्यात उतरला नव्हता. भेटी थांबल्यानंतरच्या दोन वर्षांत तर नोंदींतील फरक जवळजवळ दिसेनासा झाला. मात्र १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात भेटी मिळालेल्या मातांविरुद्धच्या सिद्ध नोंदी ४८ टक्क्यांनी कमी आढळल्या. दोन-अडीच वर्षांच्या कामाचा परिणाम मूल पौगंडावस्थेत जाईपर्यंत टिकून असल्याचे यातून दिसले. पुढे मेम्फिस आणि डेन्व्हर येथेही हा कार्यक्रम पडताळून पाहण्यात आला आणि त्याचा अनेक राज्यांत विस्तार झाला.

याच आकडेवारीच्या पुढील विश्लेषणातून एक गंभीर मर्यादाही पुढे आली. ज्या घरांत आईला वारंवार मारहाण होत होती तेथे भेटींचा मुलांवरील अत्याचाराच्या नोंदींवर परिणाम झाला नाही. आईच सुरक्षित नसलेल्या घरात तिला दिलेले पालकत्वाचे धडे मुलाला वाचवू शकत नाहीत, हा निष्कर्ष त्यानंतरच्या सर्व कार्यक्रमांच्या आखणीत महत्त्वाचा ठरला.

सकारात्मक पालकत्व

सकारात्मक पालकत्व या संज्ञेचा अर्थ लाड करणे किंवा मुलाला मोकाट सोडणे असा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. आज्ञा पाळण्याखेरीज दुसरे काही न मागणारे हुकूमशाही पालक, कशालाच नकार न देणारे सैल पालक, आणि नियम ठाम ठेवूनही त्यांची कारणे सांगणारे, मुलाचे ऐकून घेणारे अधिकारयुक्त पालक. सकारात्मक पालकत्वाचे बहुतेक कार्यक्रम यांपैकी तिसऱ्या तऱ्हेवर आधारलेले आहेत. युरोप परिषदेने २००६ साली आपल्या सदस्य राष्ट्रांना केलेल्या शिफारशीत हिंसारहित, मार्गदर्शन करणारे आणि मर्यादाही घालून देणारे असे त्याचे वर्णन आहे.

मारहाण घडते कशी, याचे सर्वांत उपयुक्त विश्लेषण ओरेगॉन येथील जेराल्ड पॅटरसन यांनी केले. आई मुलाला खेळ आवरायला सांगते. मूल किंचाळते. वैतागून आई मागणी सोडून देते आणि किंचाळल्याने काम होते हे मूल शिकते. पुढच्या वेळी आई आवाज चढवते, मूल अधिक जोरात किंचाळते, शेवटी आई एक धपाटा घालते आणि मूल गप्प होते. त्या क्षणी धपाट्याने काम होते हे आई शिकते. प्रत्येक फेरीत दोघांचीही पट्टी वर सरकत जाते. गंभीर इजेपर्यंत पोहोचलेल्या अनेक प्रकरणांची सुरुवात अशा क्षुल्लक प्रसंगातून झालेली असते. पालक दुष्ट असण्याची त्याला गरज नसते.

प्रशिक्षणात ही साखळी तिच्या पहिल्या कडीशीच तोडण्याचा सराव करून घेतला जातो. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या मर्जीच्या खेळात त्याच्याबरोबर राहणे, नेमके काय आवडले ते सांगून शाबासकी देणे, एका वेळी एकच आणि पाळता येईल अशी सूचना करणे, किरकोळ हट्टाकडे लक्ष न देणे, आणि ठरलेला परिणाम न ओरडता अंमलात आणणे ही त्यातील सर्वमान्य कौशल्ये होत. ‘शहाणा आहेस’ याऐवजी ‘चपला जागेवर ठेवल्यास, ते बरे केलेस’ असे म्हटल्याने मुलाला आपण काय पुन्हा करायचे ते कळते. एकत्र कुटुंबात यात एक अडचण हमखास येते. आईने नाही म्हटलेली गोष्ट आजोबांकडून मिळते आणि काकांनी केलेली शिक्षा कोणालाच थांबवता येत नाही. म्हणून अशा घरांत एकट्या आईला शिकवून भागत नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. निरोगी बाळाचे रडणेही जन्मानंतर वाढत जाऊन साधारणतः दुसऱ्या महिन्यात कळस गाठते आणि मग उतरते. न थांबणाऱ्या रडण्याने थकलेल्या माणसाने बाळाला जोरात गदागदा हलवणे हे लहान बाळांच्या मेंदूला होणाऱ्या प्राणघातक इजेचे एक प्रमुख कारण आहे. अशा वेळी बाळाला पाळण्यात वा सुरक्षित जागी निजवून काही मिनिटे बाजूला होण्यात आणि दुसऱ्या कोणाला हाक मारण्यात काहीही कमीपणा नाही, हे प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी आईवडिलांना सांगण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत सुरू झाली आहे.

मार दिल्याशिवाय मूल वळणाला लागत नाही, या समजाची तपासणीही झाली आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पाच दशकांतील ७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती होती. केवळ हाताने फटका देणाऱ्या पालकांच्या मुलांमध्येही आक्रमकता, अवज्ञा आणि मानसिक तक्रारी अधिक आढळल्या. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण अवखळ मुलांना मारही अधिक मिळत असतो. परंतु मारण्याचा लाभ दाखवणारा पुरावा त्यात सापडला नाही.

समाजाचा सहभाग

पालकांचे वर्तन त्यांच्या भोवतालावर अवलंबून असते. त्यामुळे काही देशांनी कुटुंबाऐवजी संपूर्ण समाजाला उद्देशून काम केले. स्वीडनने १९७९ साली घरातील शारीरिक शिक्षेवर जगात प्रथमच कायदेशीर बंदी घातली. या तरतुदीला स्वतंत्र दंड जोडलेला नव्हता. तिचा हेतू लोकमत बदलण्याचा होता. मुले असलेल्या प्रत्येक घरी माहितीपुस्तिका पाठवण्यात आली, स्थलांतरितांसाठी तिची भाषांतरे झाली आणि दोन महिने दुधाच्या खोक्यांवर हाच मजकूर छापला गेला, जेणेकरून न्याहारीच्या वेळी मुले आणि पालक तो एकत्र वाचतील. १९६० च्या दशकात निम्म्याहून अधिक स्वीडिश पालक शारीरिक शिक्षेचे समर्थन करीत. शतक संपेपर्यंत हे प्रमाण सुमारे एक दशांशावर आले. ही घसरण कायद्याच्या आधीच सुरू झाली होती, हेही नोंदवले पाहिजे. आज ६० हून अधिक देशांत अशी बंदी आहे. दक्षिण आशियात ती सर्वप्रथम नेपाळने २०१८ साली घातली.

गरीब वस्त्यांत काय करता येते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात सापडते. ‘सिनोव्हुयो टीन’ या कार्यक्रमात स्थानिक रहिवाशांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्या १४ साप्ताहिक बैठका घेण्यात आल्या. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी जाऊन विषय समजावला गेला. राग आवरणे, एकत्र बसून प्रश्न सोडवणे यांबरोबर घरखर्चाचा ताळेबंद हाही एक विषय होता. ४० वस्त्यांतील ५५२ कुटुंबांच्या चाचणीत छळ आणि मारहाण कमी झाली, मुलांवरील देखरेख सुधारली. हेळसांडीत मात्र फरक पडला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष अपेक्षितच म्हणावा लागेल, कारण हेळसांडीचे मूळ पुष्कळदा कौशल्याच्या अभावात नसून पैशाच्या आणि वेळेच्या अभावात असते. अमेरिकेत किमान वेतन ताशी एका डॉलरने वाढले तेथे हेळसांडीच्या तक्रारी सुमारे ९.६ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ सालच्या एका अभ्यासात आढळले. शिकागोतील गरीब वस्त्यांमध्ये १९६७ पासून चालणाऱ्या बाल-पालक केंद्रांत बालवाडीबरोबर पालकांसाठी स्वतंत्र खोली आणि शिक्षक असत. तेथे गेलेल्या मुलांबाबत वयाच्या १७ व्या वर्षापर्यंत अत्याचाराच्या सिद्ध नोंदी ५२ टक्क्यांनी कमी होत्या.

भारत आणि महाराष्ट्र

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. तिच्या १९ व्या अनुच्छेदानुसार मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण देणे, आणि त्यासाठी पालकांना आधार देणारे कार्यक्रम चालवणे, हे राज्याचे कर्तव्य ठरते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा (पॉक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाचा ताबा असणाऱ्या व्यक्तीने केलेले क्रौर्य तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहे. घरातील सौम्य शारीरिक शिक्षेला मात्र स्पष्ट बंदी नाही. पालकाने सद्भावनेने, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी केलेल्या कृतीला भारतीय दंड संहितेत जे संरक्षण होते ते भारतीय न्याय संहितेतही कायम राहिले आहे.

संकटातील मुलांसाठी असलेली १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. जेरू बिलिमोरिया यांनी रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांच्या अनुभवांतून तिची आखणी केली होती. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे गेली.

प्रतिबंधाच्या दृष्टीने महाराष्ट्राजवळ जुना वारसा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ साली केली आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीद्वारे पालकांपर्यंत मुलांना न मारता, न धमकावता वाढवण्याचा विचार पोहोचवला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालशाळा भरवली. अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ येथे आहे. आज हीच अंगणवाडी गावातील बहुतेक लहान मुलांच्या घरांशी नित्य संबंध असलेली एकमेव शासकीय जागा आहे. कोणत्या घरात मूल अचानक अबोल झाले, कोणाचे वजन घटले, कोणाच्या अंगावर वळ आहेत, हे सेविकेच्या नजरेस सर्वांत आधी येते. मात्र पोषण आहार, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांच्या भारामुळे पालकांशी निवांत बोलणे तिच्या कामात बहुधा शेवटी येते.

गृहभेटींची चौकटही देशात तयार आहे. आशा स्वयंसेविका रुग्णालयात झालेल्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा, आणि पुढे बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटी देतात. या पद्धतीमागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या घरोघरी नवजात बाळाची काळजी या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. गावातल्याच स्त्रियांना शिकवून तेथे ३९ गावांत नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी करण्यात आला. तो प्रयोग बाल अत्याचाराविषयी नव्हता. परंतु अल्पशिक्षित स्थानिक कार्यकर्ती घराघरांत जाऊन अवघड काम करू शकते, आणि त्यासाठी काटेकोर प्रशिक्षण व सातत्याची देखरेख लागते, ही गोष्ट त्याने दाखवून दिली.

गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असणे अपेक्षित आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका आणि मुलांचे प्रतिनिधी तिचे सदस्य असतात. तिच्या कामाचे स्वरूप गावाच्या प्रश्नांनुसार बदलते. बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईवडील मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. मुलांना बरोबर नेले तर शाळा सुटते आणि ती पाचटाच्या कोपीत दिवसभर एकटी राहतात. मागे ठेवले तर थकलेल्या आजीआजोबांवर भार पडतो. किशोरवयीन मुलीला मागे ठेवण्याची धास्ती आणि जोडप्याला एक ‘कोयता’ म्हणून मिळणारी उचल या दोन्हींमुळे बालविवाह घडतात. येथे पालकांना प्रेमळ बोलण्याचे धडे देणे अपुरे ठरते. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणे, आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामसेवकाला लग्नाची खबर आधी मिळणे, हाच खरा प्रतिबंध होय.

लैंगिक शोषणाचा प्रतिबंध

लैंगिक शोषण हे रागाच्या भरात घडत नाही, म्हणून पालकांच्या संतापावर नियंत्रण आणणाऱ्या उपायांचा येथे थेट उपयोग नसतो. शोषण करणारी व्यक्ती मुलाचा आणि बहुधा कुटुंबाचाही विश्वास आधी संपादन करते, भेटवस्तू देते, गुपित ठेवायला शिकवते. भारतात या विषयावर शाळांत सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचे शिक्षण देण्यात मुंबईची ‘अर्पण’ ही संस्था अग्रेसर आहे. चाइल्डलाइनने काढलेला ‘कोमल’ हा सचेतपटही शाळांतून दाखवला जातो. अशा वर्गांनी मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाची कौशल्ये वाढतात, असे २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात आढळले. प्रत्यक्ष शोषण कमी होते काय, याबाबत पुरावा अपुरा असल्याचे त्याच आढाव्याने म्हटले आहे. शिवाय आठ वर्षांच्या मुलाने नात्यातल्या मोठ्या माणसाला रोखावे, ही अपेक्षा मुळातच विपरीत आहे.

त्यामुळे भर प्रौढांच्या जबाबदारीकडे वळला आहे. एकट्या प्रौढाबरोबर मूल बंद खोलीत राहणार नाही अशी शाळेची व्यवस्था, कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी, आणि मुलाने काही सांगितल्यास प्रश्नांचा भडिमार न करता ऐकून घेणे, हे त्याचे भाग होत. नातेवाइकाच्या मांडीवर बसायला वा मुका द्यायला मूल नकार देते तेव्हा त्याला ‘असे करू नये, काकांना वाईट वाटेल’ असे न म्हणणे, ही घरात करता येण्याजोगी साधी गोष्ट आहे. नकार देण्याचा हक्क मूल तेथेच शिकते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना माहिती देण्याचे बंधन आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा आदेश काढला. २०२४ साली बदलापूर येथील शाळकरी मुलींच्या प्रकरणानंतर अशा तरतुदींच्या अंमलबजावणीतील उणिवा उघड झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

परिणामांचे मूल्यमापन

सर्व प्रतिबंधक कार्यक्रम यशस्वी होतात असे नाही, आणि अपयशाच्या नोंदी या क्षेत्रात विशेष उद्बोधक आहेत. हवाई राज्याचा ‘हेल्दी स्टार्ट’ हा गृहभेटींचा कार्यक्रम कसून चाचणी होण्यापूर्वीच आदर्श म्हणून अन्य राज्यांनी उचलला. चाचणी झाली तेव्हा अत्याचार टाळण्यावर त्याचा परिणाम नगण्य आढळला. भेटी ठरल्यापेक्षा कमी होत होत्या, आणि घरातील मारहाण, व्यसन वा आईचे नैराश्य भेट देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या लक्षातच येत नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात नवजात बाळाला हलवण्याच्या धोक्याविषयी पालकांना दिलेल्या माहितीनंतर अशा इजा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. तोच उपक्रम पेनसिल्व्हेनियात राज्यभर राबवल्यावर तशी घट दिसली नाही. एल्मायराच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत २०१६ साली अल्पकालीन जादा लाभ आढळला नाही. तेथे सर्वच मातांना आरोग्यसेविकांच्या भेटी आधीपासून मिळत असल्याने तुलनेचा गटही सेवांपासून वंचित नव्हता, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मोजमापाची अडचण याहून मूलभूत आहे. ज्या घरात परिचारिका वा सेविका वारंवार जाते तेथील मारहाण तिच्या दृष्टीस पडण्याची शक्यताही अधिक असते. त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होत असतानाही अशा घरांतील नोंदी वाढू शकतात. भारतात पॉक्सो कायद्याखाली नोंदवल्या जाणाऱ्या गुन्ह्यांतील वाढीचा अर्थ लावतानाही हीच सावधगिरी बाळगावी लागते : त्या वाढीत किती भाग नव्या अत्याचारांचा आणि किती भाग पूर्वी दडपल्या जाणाऱ्या घटना आता बोलल्या जाण्याचा, हे केवळ पोलिसी आकड्यांवरून ठरवता येत नाही. २००७ सारखा, थेट मुलांशी बोलून केलेला अभ्यास त्यासाठी लागतो.